स्टिअरिंगची कुरकुर: आधी आवाज पकडा, मग पाना उचला

मार्चमध्ये आमची गाडी कुरकुरायला लागली. गेटातून बाहेर पडताना स्टिअरिंग उजवीकडे पुरतं मारावं लागतं, तेव्हा अर्ध्या फेऱ्यावर एक ‘कुईंऽऽक’. सरळ करताना परत एकदा. हायवेवर काही नाही, खड्ड्यात काही नाही. फक्त गेटात, म्हणजे सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा जागी. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, “बॉनेटमध्ये मांजर बसलंय का बघा हो.”

गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी एक चक्कर मारली आणि दोन्ही लिंक रॉड, म्हणजे सस्पेन्शनमधले छोटे जोडदांडे, बदलले. आवाज तसाच. मग डावीकडचा लोअर आर्म, म्हणजे चाकाला खालून धरणारा दांडा, बदलला. आवाज तसाच. तिसऱ्या खेपेला “रॅक गेला असणार” हे ऐकलं आणि मी गाडी घरी आणली. रविवारी मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः टॉर्च घेऊन क्लचच्या पॅडलपाशी डोकं घालून आडवा झालो. आवाज दहा मिनिटांत सापडला. तो कशाचा होता ते पुढे सांगतो. आधी शोधायचं कसं ते बघू, कारण तुमच्या गाडीत तो दुसऱ्याच जागेवरून येत असण्याची शक्यता जास्त.

आवाजाचा रस्ता

हातातल्या स्टिअरिंगपासून टायरपर्यंत एक लांबलचक साखळी आहे. स्टिअरिंगखाली कॉलम असतो. त्याला जोडलेला छोटा शाफ्ट इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून खाली उतरतो. त्या भोकाला रबरी बूट, म्हणजे शाफ्टभोवतीचं रबरी आवरण, बसवलेला असतो, नाहीतर पाणी, धूळ आणि इंजिनची गरमी थेट तुमच्या पायावर येईल. शाफ्टला यूजे क्रॉस, म्हणजे वाकणारे सांधे, असतात, त्यामुळे तो वाकड्या वाटेनेही फिरू शकतो. शाफ्टच्या टोकाचं छोटं दातेरी चाक फिरलं की रॅक, म्हणजे आडवा दातेरी दांडा, डावी-उजवीकडे सरकतो, त्याच्या टोकांचे टाय रॉड चाक ज्यावर बसतं त्या नकलला ढकलतात. नकल खालून बॉल जॉइंटने, म्हणजे सगळीकडे वळणाऱ्या गोल सांध्याने, लोअर आर्मला धरलेला असतो आणि वरून शॉकअपला.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन पद्धतीचं सस्पेन्शन असतं. त्यात चाक वळलं की अख्खा शॉकअप स्प्रिंगसकट वळतो. म्हणून त्याच्या डोक्यावर, बॉनेट उघडल्यावर दोन कोपऱ्यांत दिसणाऱ्या गोल टोप्यांखाली, एकेक बेअरिंग असतं. गाडीच्या पुढच्या भागाचं वजन त्यावर, आणि पावसाचं पाणी, धूळ, चिखल सगळं तिथेच.

आणखी एक फरक समजून घ्या. तुमचं पॉवर स्टिअरिंग तेलावर चालतं की विजेवर? तेलावरचं तंत्र जुनं. १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते पहिल्यांदा विक्रीला आलं. विजेवरचं १९८८ साली जपानमध्ये सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत आलं. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये तेच आहे. जुनी इनोव्हा, स्कॉर्पिओ, बोलेरो, इंडिका यांत तेलाचं. बॉनेट उघडून स्टिअरिंगचं चित्र असलेल्या झाकणाची छोटी बाटली दिसते का बघा. बाटली नसेल तर तुमचं विजेचं, म्हणजे ईपीएस. मग कुणी “पॉवर स्टिअरिंगचं तेल संपलंय” म्हणाला, तर गाडी तिथून काढा.

कसला आवाज ते ठरवा

मराठीत यासाठी शब्दांची कमी नाही, आणि प्रत्येक शब्द वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. कुईं-कुईं किंवा चूं-चूं म्हणजे रबर कशावर तरी कोरडं घासतंय, किंवा इंजिनचा बेल्ट सरकतोय. करकर, म्हणजे जुन्या दाराच्या बिजागरीसारखा आवाज, बहुतेकदा ग्रीस सुकलेल्या बॉल जॉइंटचा. ‘टणक्’ असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आणि त्याबरोबर हाताला बसणारा हलका झटका हा शॉकअपवरच्या बेअरिंगचा. खसखस, म्हणजे कागद चोळल्यासारखा आवाज अगदी छातीसमोरून येत असेल, तर स्टिअरिंगच्या आतली वस्तू. घूंऽऽ करून गुरगुरतो तो तेलाच्या पॉवर स्टिअरिंगचा पंप. आणि वळणावर चालत्या गाडीत कट-कट-कट ऐकू आलं, तर तो अ‍ॅक्सलच्या जॉइंटचा. तो विषय वेगळा, पुढे दोन ओळींत येईल.

मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. गॅरेजच्या दारात गेल्यावर गाडी गप्प होते, हा सगळ्यांचाच अनुभव.

चार चाचण्या, एक पैसाही न लागणाऱ्या

पहिली चाचणी फरशी बदलण्याची. मॉलच्या तळघरात, सोसायटीच्या टाइल्स बसवलेल्या पार्किंगमध्ये किंवा रंग दिलेल्या गुळगुळीत फरशीवर उभ्या गाडीचं स्टिअरिंग फिरवलं की टायरच किंचाळतो. रबर आणि चकचकीत फरशी, एवढंच. यात बिघाड काही नाही. गाडी साध्या मुरमाच्या किंवा डांबरी जागेवर न्या. तिथे आवाज नसेल तर चहा प्या आणि विसरा. याच वेळी टायरमधली हवा बघा. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. पुढच्या चाकांत हवा कमी असली की स्टिअरिंगही जड होतं आणि टायरही जास्त ओरडतो.

दुसरी चाचणी इंजिन बंद ठेवून. हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि चावी फक्त स्टिअरिंगचं लॉक सुटेल इतकीच फिरवा. आता स्टिअरिंग जड लागेल, पण दोन्ही बाजूंना थोडं थोडं फिरवता येईल. आवाज आला तर बेल्ट आणि पंप यांच्यावरचा संशय गेला. दोष यांत्रिक, म्हणजे रबर, जॉइंट किंवा बेअरिंग. आवाज फक्त इंजिन चालू असतानाच येत असेल तर बॉनेटखाली शोधा.

तिसरी चाचणी चालत्या गाडीत. उभ्या गाडीत आवाज नाही, पण हळूहळू चालवत वळवली की येतो? मग चाकाबरोबर गोल फिरणाऱ्या गोष्टी बघा: ब्रेक डिस्क, तिच्यामागचा पत्रा, व्हील बेअरिंग, अ‍ॅक्सल. टायर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला घासतोय का तेही बघा. टायरचा साइज वाढवून घेतलेल्या गाडीत पूर्ण लॉकला, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर, हे हमखास होतं, आणि लायनरवर घासल्याचा चकचकीत पट्टा दिसतो.

चौथी चाचणी पुढची दोन्ही चाकं उचलून. ही सर्वांत बोलकी, आणि फक्त हिच्यातच जिवाला धोका आहे. सपाट, पक्की जागा हवी. मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा विटा लावा. जॅक कंपनीने सांगितलेल्याच जागी लावा आणि गाडी उचलली की लगेच घोड्यांवर, म्हणजे गाडी तोलून धरणाऱ्या लोखंडी स्टँडवर, टेकवा. डिकीतला जॅक टायर बदलण्यापुरता असतो. निव्वळ त्याच्या भरवशावर हातसुद्धा खाली घालू नका. घोड्या नसतील तर ही चाचणी गॅरेजच्या लिफ्टवर करून घ्या.

चाकं हवेत असताना कुणालातरी स्टिअरिंग फिरवायला सांगा. आवाज गायब झाला तर तो वजनाखाली येणाऱ्या भागाचा, म्हणजे शॉकअपवरचं बेअरिंग, बॉल जॉइंट किंवा टायर. तसाच राहिला तर कॉलम, रबरी बूट, शाफ्ट किंवा रॅक. एका चाचणीत निम्मी यादी कटते. आमच्या गाडीत आवाज तसाच राहिला होता. म्हणजे बदललेला लोअर आर्म पहिल्याच दिवशी यादीतून बाहेर पडायला हवा होता.

हात आणि कान

आता दोन माणसं लागतात. एकाने स्टिअरिंग सावकाश, एकाच वेगाने डावीकडून उजवीकडे फिरवायचं. दुसऱ्याने कान लावायचा आणि हात ठेवायचा. आवाज पत्र्यातून प्रवास करतो. तो डाव्या चाकातून येतोय असं वाटतं आणि निघतो डॅशबोर्डखालून. कानाला फसवता येतं, बोटांना नाही. जो भाग ओरडतोय त्याची थरथर बोटाला लागते.

आमच्याकडे असं चाललं होतं:

“बाबा, अजून फिरवू?”

“हळू. थांब. तिथेच मागेपुढे कर.”

“इथे?”

“हां. आलं.”

त्या क्षणी माझं बोट कॉलमच्या तळाशी असलेल्या रबरी बुटाच्या ओठावर होतं. शाफ्ट फिरताना ओठ त्याला चिकटत होता, थोडा ओढला जात होता आणि सुटत होता. सुटला की ‘कुईंक’. उन्हाळ्याच्या धुळीने ते रबर फळ्यावरच्या खडूसारखं कोरडं पडलं होतं.

जिथे बोट पोचत नाही तिथे लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या भागावर टेकवा आणि मूठ कानाच्या हाडाशी धरा. जुने फिटर इंजिनचे आवाज असेच ऐकतात. मात्र फिरत्या बेल्टजवळ, पंख्याजवळ हे करू नका. सैल बाही, ओढणी, गळ्यातली चेन आधी काढून ठेवा.

रबरी बुशवर, म्हणजे सांध्यांत बसवलेल्या रबरावर, संशय असेल तर पाण्याची फवाऱ्याची बाटली घ्या. एका वेळी एकच बुश भिजवा आणि परत स्टिअरिंग फिरवून बघा. मिनिटभर आवाज बंद झाला तर चोर सापडला. सगळे बुश एकदम भिजवले तर काहीच कळणार नाही. स्टॅबिलायझर बारचे (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) आणि लोअर आर्मचे बुश बहुतेकदा स्पीडब्रेकरवर जास्त ओरडतात, स्टिअरिंगवर कमी. तुमची गाडी दोन्हीकडे ओरडत असेल तर सुरुवात त्यांच्यापासून करा.

केबिनच्या आतले आवाज

रबरी बुटाचा इलाज आधी, कारण तो सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. पायाखालची मॅट काढा. टॉर्च मारून शाफ्ट जिथे पत्र्यातून बाहेर जातो ती जागा शोधा. काही गाड्यांत तिच्यावर प्लास्टिकचं किंवा कार्पेटचं झाकण असतं, ते क्लिपांवर निघतं. ओल्या फडक्याने रबराचा ओठ आणि शाफ्ट पुसून घ्या, वाळू द्या. मग बोटावर वाटाण्याएवढं सिलिकॉन ग्रीस घेऊन ओठाला आतून सगळीकडे लावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवा, आणि परत एक हात द्या.

सिलिकॉन ग्रीस म्हणजे आरओ फिल्टरच्या रबरी रिंगला लावतात ते. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘सिलिकॉन’ मागितलंत तर काचेच्या फटी बुजवायचं सीलंट हातात पडेल. ते चिकटवण्यासाठी असतं, लावलंत तर नवी पंचाईत. चाकाच्या बेअरिंगला वापरतात ते ग्रीस, इंजिन ऑइल किंवा खोबरेल तेल यांतलं काहीही इथे नको. पेट्रोलियमचं ग्रीस किंवा तेल अनेक प्रकारच्या रबराला फुगवतं आणि सैल करतं. डब्ल्यूडी-४० चा साधा फवारा मारला की आवाज लगेच थांबतो, म्हणून तो सगळ्यांना आवडतो. पण तो थोड्या दिवसांत उडून जातो आणि जाताना असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. संशयित जागा पक्की करायला वापरायचा तर वापरा, इलाज म्हणून नको.

बोट पोचत नसेल तर नळी लावलेला सिलिकॉन स्प्रे चालतो. त्याआधी तिन्ही पॅडलवर वर्तमानपत्र पसरा. सिलिकॉन लागलेलं ब्रेकचं पॅडल साबणासारखं निसटतं. काम झाल्यावर पॅडलची रबरं आणि आपल्या पायातल्या बुटांचे तळवे कोरड्या फडक्याने पुसा.

कॉलमवरचं प्लास्टिकचं आवरणही स्टिअरिंगच्या पाठीला घासू शकतं, विशेषतः उन्हात तापलेल्या गाडीत किंवा कुणी नुकतीच वायरिंग खोलली असेल तेव्हा. आवरण हाताने दाबून धरा आणि स्टिअरिंग फिरवा. आवाज बदलला तर स्क्रू सैल करून आवरण नीट बसवा. बाजारातून घेतलेलं जाड स्टिअरिंग कव्हर असेल तर आधी ते काढून बघा. मला यात लाज वाटायचं कारण नाही, पण एका मित्राच्या गाडीत आम्ही दोघांनी तासभर घालवल्यावर दोषी ते कव्हर निघालं होतं.

खसखस अगदी स्टिअरिंगच्या पोटातून येत असेल तर ती क्लॉक स्प्रिंग. हॉर्न आणि एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी असते ती. कधी हॉर्न वाजेनासा होतो, कधी एअरबॅगचा दिवा लागतो. इथे घरचा पाना चालणार नाही. समोर एअरबॅग आहे, बॅटरी काढून कंपनीने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय तिला हात लावत नाहीत. हे काम सर्व्हिस सेंटरचं.

यूजे क्रॉस कोरडा पडला तर कुरकुर होतेच, पण त्याची खरी खूण हाताला कळते. स्टिअरिंगच्या एका पूर्ण फेऱ्यात दोन ठिकाणी जड आणि दोन ठिकाणी हलकं लागतं. तो शाफ्ट बदलायचाच. तेल सोडून वेळ काढायची ही जागा नव्हे, स्टिअरिंग आणि चाकं यांच्यामधला दुवाच तो.

बॉनेटखाली

तेलाचं स्टिअरिंग असेल आणि इंजिन चालू असतानाच आवाज येत असेल, तर बाटलीतलं तेल बघा. बाटलीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात, काहींवर गरम आणि थंड इंजिनसाठी वेगळ्या. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो आणि गुरगुरतो. तेलात फेस किंवा दुधाळपणा दिसला तर हवा शिरलीच आहे. कुठलं तेल घालायचं ते गाडीच्या पुस्तकात बघा. बऱ्याच गाड्यांना लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, चालतं, पण सगळ्यांना नाही, आणि चुकीच्या तेलाने सील खराब होतात.

तेल घातलं म्हणजे काम संपलं असं नाही, कारण पॉवर स्टिअरिंगचं तेल आपोआप संपत नसतं. ते कुठूनतरी गळतंय. पाइपांचे सांधे बघा, रॅकच्या दोन टोकांना असलेले घड्यांचे रबरी बूट दाबून बघा. बुटात तेल साठलेलं असेल तर रॅकचं सील गेलेलं आहे.

हवा काढायला पुढची चाकं घोड्यांवर घ्या. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा फिरवा, मध्ये मध्ये तेल खुणेपर्यंत भरत राहा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून आणखी काही फेऱ्या. टोकाला नेऊन दाबून धरायचं मात्र नाही. एरवी गाडी चालवतानाही तेलाचं स्टिअरिंग पूर्ण लॉकला पाच सेकंदांहून जास्त ताणून धरू नये. पंपावर सगळा दाब येतो आणि तेल तापतं. तेव्हा येणारी थोडी घरघर मात्र नेहमीचीच.

स्टिअरिंग टोकाला नेताच ‘चींऽऽ’ अशी किंचाळी आली तर तो बेल्ट. इंजिन बंद करा, चावी खिशात ठेवा आणि मग बेल्ट बघा. आतली बाजू आरशासारखी चकाकत असेल, भेगा असतील, कडा उसवल्या असतील तर बदला. ताण तपासायचं आकडेशीर माप गाडीच्या पुस्तकात असतं. इंजिन चालू करून, हात लांब ठेवून, बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारा. आवाज वाढला तर बेल्ट सैल आहे. क्षणभर थांबून परत आला तर पुली एका रेषेत नाहीत किंवा बेल्ट घासून गेलाय. बेल्टला साबण लावायची जुनी ड्रायव्हरांची युक्ती घरी पोचण्यापुरती ठीक, त्यापुढे नको.

विजेचं स्टिअरिंग असलेल्यांनी हा भाग सोडून द्यायची घाई करू नये. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ईपीएसची मोटर भरपूर करंट ओढते. त्याचा भार बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर येतो आणि सैल बेल्ट तेव्हाच किंचाळतो. पंप नाही म्हणून बेल्ट निर्दोष, असा निष्कर्ष काढून लोक उगाच कॉलम खोलायला लावतात.

शॉकअपवरचं बेअरिंग

आपल्या हवामानात हा दोष फार. कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर या बेअरिंगमध्ये पाणी जातं, गंज धरतो, मग उन्हाळ्याची धूळ बसते. चाक वळतं, पण बेअरिंग वळत नाही. स्प्रिंग पिळली जाते आणि अचानक सुटते. तोच ‘टणक्’.

तपासणी सोपी. गाडी जमिनीवरच उभी, इंजिन बंद. मडगार्डच्या आत हात घालून स्प्रिंगच्या वेढ्यावर बोटं हलकी ठेवा, पण दोन वेढ्यांच्या मध्ये नको. स्टिअरिंग फिरवायला सांगा. निरोगी बाजूची स्प्रिंग सरळ, एकसारखी वळते. बिघडलेल्या बाजूला ती अडते आणि उडी मारते. बोटाला ते इतकं स्पष्ट कळतं की दुसऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. दुसरी खूण चालवताना दिसते. वळण संपल्यावर स्टिअरिंग सोडलं तर ते आपणहून मध्यावर यायला हवं. अर्धवट येऊन थांबत असेल, तर संशय याच बेअरिंगवर.

इलाज म्हणजे बेअरिंग बदलणं. वरून ग्रीस थापून दोन आठवडे जातील, एवढंच. बेअरिंगची किंमत छोट्या गाड्यांत काही शे रुपयांतच असते, मजुरी खरी, कारण शॉकअप अख्खा काढावा लागतो. हे काम स्वतः करू नका. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणसाचा जबडा मोडू शकते. तिला दाबून धरायला स्प्रिंग कंप्रेसर हे खास हत्यार लागतं. गॅरेजमध्ये दोरी किंवा साखळी बांधून स्प्रिंग काढताना दिसले तर शॉकअप परत घेऊन दुसरीकडे जा. बदलायचं तर दोन्ही बाजूंचं बेअरिंग बदला आणि माउंटिंगचं रबर फाटलं असेल तर तेही. नंतर चाकांची अलाइनमेंट करून घ्या.

चाकाजवळ

बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड यांचा खरा शत्रू म्हणजे फाटलेला रबरी टोप. टोप फाटला की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. चाक हवेत असताना वर आणि खाली धरून हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, लागला तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवी धरून हलवल्यावर खेळ लागला तर टाय रॉड एंड किंवा रॅक. बॉल जॉइंटचा खेळ कधी कधी नुसत्या हाताने लागत नाही, तेव्हा लोअर आर्मखाली टॉमी, म्हणजे लांब लोखंडी दांडा, घालून हलकं उचलावं लागतं.

सिरिंजने टोपात ग्रीस सोडलं आणि करकर थांबली, तर जॉइंट पकडला म्हणायचं. पण मग तो बदला. बॉल जॉइंट निखळला तर चाक मडगार्डमध्ये आडवं होतं, आणि ते कुंभार्ली घाटात होईल की घराच्या गेटात, हे आपल्या हाती नसतं. करकर आणि खेळ दोन्ही असतील तर गाडी त्या दिवसापासून उभी ठेवा. अनेक गाड्यांत बॉल जॉइंट लोअर आर्मबरोबरच मिळतो, सुटा नाही. जीप जातीच्या जुन्या गाड्यांना आणि पिकअपना जॉइंटवर ग्रीस निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, असतात. तिथे ग्रीस गन वेळेवर लागली असती तर हा लेख वाचायची वेळच आली नसती.

एक मजेशीर दोष सांगतो. कालच अलाइनमेंट केली आणि आज कुईंकुईं सुरू, असं झालं असेल तर रॅकचे बूट बघा. अलाइनमेंट करताना टाय रॉड फिरवतात, पण बुटाची छोटी क्लिप सैल करायची राहून गेली तर बूट पिळून जातो, फडकं पिळावं तसा. क्लिप सोडा, बूट सरळ करा, क्लिप लावा. पैसे नाहीत, पार्ट नाही. उशीर केलात तर मात्र बूट फाटतो आणि मग धूळ रॅकमध्ये जाते.

चालत्या गाडीत वळणावर धातू घासल्यासारखी किंचाळी येत असेल तर ब्रेक डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांत खडा अडकलाय का बघा. खडीच्या रस्त्यावरून आल्यावर हे नेहमी होतं. गाडी थोडी मागे घेतली की खडा कधी आपणहून पडतो, नाहीतर पत्रा बोटाने किंचित वाकवून पाडावा लागतो. डिस्क गरम असते, जपून. ब्रेक हलका दाबल्यावर आवाज बदलत असेल तर पॅड संपलेत का बघा. आणि ती कट-कट-कट म्हणजे अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट. बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालेलं दिसेल. दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो.

गॅरेजमध्ये बोलताना

“स्टिअरिंगमधून आवाज येतोय, बघा जरा” असं म्हणून चावी दिली की अंदाजाने पार्ट बदलणं सुरू होतं. त्यात मिस्त्रींचाही सगळा दोष नाही, दिवसभरात दहा गाड्या असतात. त्याऐवजी सांगा: इंजिन बंद असतानाही येतो, चाकं उचलल्यावर जातो, उजव्या स्प्रिंगला हात लावला की झटका लागतो. मग तेही नीट ऐकून घेतात. शक्य असेल तर लिफ्टखाली उभे राहा आणि पार्ट बदलण्याआधी तो हलवून दाखवायला सांगा. जुना पार्ट मागून घ्या.

“रॅक टाइट करून देतो” याला लगेच हो म्हणू नका. रॅकचा आवाज खडखड असतो, खराब रस्त्यावर येतो, कुईंकुईं नसतो. गरजेपेक्षा जास्त आवळला तर स्टिअरिंग जड होतं आणि वळणानंतर परत येत नाही, जे आधीच्या आवाजापेक्षा धोक्याचं. वॉशिंग सेंटरवर खालून डिझेलचा फवारा मारून घेण्याची सवय असेल तर तीही सोडा. दोन दिवस गाडी गप्प राहते आणि सगळे बुश डिझेल पिऊन बसतात. पाण्याचा जोराचा फवाराही बॉल जॉइंटच्या टोपावर आणि रॅकच्या बुटावर जवळून मारू देऊ नका.

दुरुस्ती झाल्यावर त्याच गेटात, त्याच वळणावर गाडी फिरवून बघा. शॉकअप, टाय रॉड किंवा लोअर आर्म उघडला असेल तर अलाइनमेंट झाली का विचारा, आणि मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मध्यावर राहतं का बघा. शंभरेक किलोमीटर चालवून नट परत एकदा तपासून घेतलेले बरे.

आमच्या गाडीतलं ग्रीस वर्षभर टिकलं. यंदा मार्चमध्ये ‘कुईंक’ परत आलं, तेव्हा ट्यूब डॅशबोर्डच्या कप्प्यातच होती. मॅट काढून आडवा व्हायला गेलो, तर मुलगी म्हणाली, “या वेळी मी लावते, तुम्ही फिरवा.” काढलेले लिंक रॉड अजून डिकीत आहेत.